विद्यार्थ्यांच्या वादसभा : एक पूर्वपीठिका

उत्सवाचे दिवस आले की देवस्थानांच्या कार्यक्रमपत्रिकेत पालखी, कीर्तन, भजन आणि नाटक यांच्या जोडीला आणखी एक ओळ हटकून आढळते. ती म्हणजे शाळकरी मुलामुलींची वक्तृत्वस्पर्धा किंवा वादविवादस्पर्धा. अशा स्पर्धांच्या परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग आमच्यावर अनेक वेळा आला आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी 'शिक्षण मातृभाषेतूनच असावे' असा विषय होता. मुले धीटपणे बोलली. उच्चार स्वच्छ होते, हातवारे नेमके होते. परंतु दोन भाषणे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच निघाली. एक चुणचुणीत मुलगी सर्वांत चांगली बोलली. तिचे भाषण संपल्यावर आम्ही तिला सहज विचारले, "बाळ, तुझ्या विरुद्ध बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता?" ती क्षणभर आपल्या शिक्षकांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, मला अनुकूल बाजूच दिली होती."

त्या मुलीचा त्यात काहीच दोष नव्हता. तिला जे शिकवले ते तिने उत्तम करून दाखवले. पण तिचे ते उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. वादसभा ही संस्था आपल्याकडे कशासाठी उभी राहिली, विद्यार्थ्यांच्या हाती ती केव्हा आली आणि तिने काय साधले, याचा मागोवा घ्यावा असे तेव्हापासून वाटत होते. तो येथे थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वादाची परंपरा आपल्याला नवी नाही. बृहदारण्यक उपनिषदातील जनकाच्या यज्ञसभेची कथा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. शिंगांना सोने बांधलेल्या सहस्र गाई, त्या हाकून नेण्याची आज्ञा आपल्या शिष्याला करणारा याज्ञवल्क्य, आणि त्याला प्रश्नांनी घेरणारे कुरुपांचालांचे विद्वान ब्राह्मण. त्या सभेत गार्गी वाचक्नवी दोनदा उठली. दुसऱ्या वेळी समाधानकारक उत्तर मिळाल्यावर तिनेच उपस्थितांना सांगितले की ह्याला ब्रह्मवादात तुमच्यापैकी कोणी जिंकणार नाही. प्रतिपक्षाचे उत्तर पटले तर भरसभेत तसे म्हणण्याचे धैर्य हा वादाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग होय. कथेत तो मान एका स्त्रीकडे गेला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार पाडले. सत्य शोधण्यासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, छल आणि फसव्या प्रत्युत्तरांचाही आश्रय घेऊन चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडत राहणे ही वितंडा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे अनुमानाचे पाच अवयवही त्या शास्त्राने सांगितले. आजच्या भाषणांना ही मोजपट्टी लावली तर प्रतिज्ञा व उदाहरण भरपूर सापडतात, हेतू मात्र शोधावा लागतो.

न्यायशास्त्राने पराभवाची जी बावीस निग्रहस्थाने मोजली आहेत, त्यांत 'अननुभाषण' नावाचे एक आहे. प्रतिपक्षाचे विधान सभेला समजले आहे, तीन वेळा उच्चारलेही गेले आहे, तरी ज्याला ते पुन्हा मांडता येत नाही तो हरला असे समजावे. म्हणजे आपले उत्तर कितीही जोरदार असो, समोरच्याचे म्हणणे नीट सांगता येत नसेल तर उत्तर देण्याचा अधिकारच उरत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त ही जी मांडणी दिसते, तिचे मर्म हेच होय. वैद्यकातही चरकाने विमानस्थानात संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा, म्हणजे स्नेहाने केलेली आणि विरोधाने केलेली चर्चा, असा भेद सांगून समव्यावसायिकांच्या चर्चेने ज्ञान वाढते असे म्हटले आहे.

अर्थात ही परंपरा संस्कृतात होती, पाठशाळेच्या चार भिंतींत होती आणि समाजाच्या फार थोड्या भागाला खुली होती. सामान्य माणसाच्या कानावर रसाळ आणि मुद्देसूद मराठी बोलणे पडे ते कीर्तनात. हरिदास पूर्वरंगात विषय मांडी आणि उत्तररंगात आख्यानाने तो ठसवी. पण कीर्तनात बोलणारा एकटा असतो. श्रोत्याने उठून 'हे मला पटत नाही' असे म्हणण्याची तेथे सोय नसते. ती सोय मराठी भाषेत आणि सार्वजनिक जागी निर्माण झाली ती एकोणिसाव्या शतकात.

तिचा एक प्रवाह धर्मचर्चेतून आला. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर यांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि त्याच वर्षी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद चालवला. त्याचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी रेव्हरंड जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच प्रसिद्ध केला, आणि पुढे मराठीत तो 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने आला. दोन्ही बाजूंची विधाने एकाच पुस्तकात वाचावयास मिळावीत, ही मराठी वाचकाला त्या काळी नवी गोष्ट होती.

दुसरा प्रवाह विद्यालयांतून आला, आणि आमचा विषय मुख्यतः तोच आहे. इंग्लंडात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८१५ मध्ये व ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८२३ मध्ये आपापल्या वादसभा काढल्या होत्या. ठराव मांडावयाचा, त्याच्या अनुकूल व प्रतिकूल बोलावयाचे, शेवटी मते मोजावयाची ही रीत तेथे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली. 'या सभेचे मत असे आहे की' हा आपल्या शाळांतील ठरावाचा ठरीव प्रारंभ त्याच रीतीचा मराठी अवतार होय.

मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली १८४८ च्या जून महिन्यात 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. सभासदांनी निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम असे. लवकरच देशी भाषांतून हेच कार्य व्हावे म्हणून तिच्या शाखा निघाल्या. गुजराती ज्ञानप्रसारक मंडळीत दादाभाई नौरोजी पुढे होते. मराठी शाखा उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा या नावाने ओळखली गेली आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले. तिच्या आश्रयाने १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले व ते १८६७ पर्यंत चालले. पाणी, हवा, व्यापार, इतिहास अशा विषयांवर मराठीत शिस्तीने लिहिण्याची आणि बोलण्याची सवय अनेक तरुणांना लागली ती येथे.

या सभेच्या इतिहासातील एक प्रसंग आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. १८४९ मध्ये बेहरामजी खुर्शेदजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली. समारोप करताना अध्यक्ष पॅटन यांनी सभासदांस विचार कृतीत आणण्याचे आवाहन केले. ते आव्हान तरुणांनी मनावर घेतले. दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर फिरले, आईबापांची मनधरणी केली, आणि त्याच वर्षी मराठी व गुजराती मुलींच्या शाळा सुरू झाल्या. सुरुवातीला सभासदच सकाळी आपापल्या कामावर जाण्यापूर्वी विनावेतन शिकवीत. पुण्यात जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती आदल्याच वर्षी. तेथे एका दांपत्याच्या निश्चयाने जे घडले, ते मुंबईत एका चर्चासभेतून घडले. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यातील जागा मुलींच्या शाळेस दिली. विद्यार्थ्यांच्या सभेत वाचलेला एक निबंध काही महिन्यांत शाळेची घंटा होऊन वाजला.

याच सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष कोण, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस कळले तर त्यांना विशेष समाधान वाटेल. ते होते डॉ. भाऊ दाजी, म्हणजे रामचंद्र विठ्ठल लाड. पेडणे महालातील मांद्रे हे त्यांचे जन्मगाव. बालपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस गेले आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येवर लिहिलेल्या त्यांच्या निबंधास बक्षीस मिळाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत ते होते. रोगी तपासणे, शिलालेख वाचणे आणि मुलींच्या शाळांसाठी झटणे ही तिन्ही कामे त्यांनी १८७४ साली निधन होईपर्यंत चालवली. मुंबईच्या ज्या वस्तुसंग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, तेथे जाणाऱ्या किती गोमंतकीयांना आपण मांद्र्याच्या एका मुलाच्या स्मारकात उभे आहोत याची जाणीव असते?

भाऊ दाजींच्या पुढच्या पिढीतील काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे उदाहरण तर पूर्वपक्षाच्या दृष्टीने आदर्श मानावे असे आहे. आल्ब्रेख्त वेबर या थोर जर्मन पंडिताने रामायणाच्या कथेवर होमरच्या काव्याची छाया असावी, सीतेचे हरण आणि लंकेचा वेढा हे हेलनचे हरण आणि ट्रॉयचा वेढा यांवरून आले असावेत, असे अनुमान मांडले होते. रामायण हा आपल्या घराघरांतील पूजेचा ग्रंथ. अशा वेळी संतापून उठणे सोपे होते. तेलंगांनी ते केले नाही. विशीच्या उंबरठ्यावरून नुकतेच पुढे गेलेल्या ह्या तरुणाने वेबरचे एकेक विधान घेतले, त्याचा आधार तपासला, आणि तो आधार कोठे तोकडा पडतो ते शांतपणे दाखवले. विद्यार्थ्यांच्या याच सभेपुढे वाचलेला हा निबंध १८७३ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. धर्मश्रद्धेचे रक्षण आवाज चढवून होत नाही, अभ्यासाने होते, हा धडा त्यात आहे.

याच सभेपुढे १८८६ मध्ये तेलंगांनी आणखी एक प्रसिद्ध व्याख्यान दिले. राजकीय सुधारणेच्या आधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय, हा त्याचा विषय. महाराष्ट्रात या प्रश्नावर तेव्हा मोठे रण माजले होते. तसा क्रम लावण्याची गरज नाही, असे तेलंगांचे म्हणणे होते. ते म्हणणे आज सर्वांस पटेलच असे नाही, आणि त्या काळीही आगरकरांसारख्यांना ते पटणारे नव्हते. पण तो वाद आजही समजतो, याचे कारण दोन्ही पक्षांनी आपापले हेतू लिहून ठेवले. हेच तेलंग पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. न्यायासनावर बसणाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. ती तालीम त्यांनी तरुणपणीच केली होती.

किनाऱ्याच्या दक्षिणेकडील होनावरचे नारायण गणेश चंदावरकर हेही एल्फिन्स्टनचेच विद्यार्थी. १८८५ मध्ये इंग्लंडात निवडणुका व्हावयाच्या होत्या. त्या वेळी हिंदुस्थानची बाजू तेथील मतदारांपुढे मांडण्यासाठी जे तीन प्रतिनिधी गेले, त्यांत मुंबई इलाख्यातून तिशीतल्या चंदावरकरांची निवड झाली. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या देशाविषयी फारसे काही न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढे बोलावयाचे, तर श्रोत्याच्या मनातील शंका आधी ओळखावी लागते. पाठ केलेले भाषण तेथे कामास येत नाही.

मुंबईतील हे कार्य बरेचसे इंग्रजीतून चाले. मराठी व्याख्यानाला स्थिर व्यासपीठ देण्याचे श्रेय मुख्यतः पुण्याकडे आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाते. १८७५ मध्ये त्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आणि तिची वक्तृत्वोत्तेजक सभा यांमुळे ऐकणे हीदेखील एक सार्वजनिक सवय झाली. स्त्रियांचा या व्यासपीठावरील प्रवेश मात्र सुखाचा नव्हता. रमाबाई रानडे यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकच्या शाळेतील समारंभात झाले, आणि ते त्यांच्या पतीने लिहून दिले होते. आज पालकांनी लिहून दिलेले भाषण म्हणणाऱ्या मुलांना आम्ही नावे ठेवतो, तेव्हा हे आठवावे. दुसऱ्याच्या शब्दांनी आरंभ करण्यात कमीपणा नाही. रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. पुढे त्या स्वतःच्या शब्दांनी बोलल्या, सभा चालवू लागल्या, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकाने मराठीस एक अक्षय आत्मचरित्र देऊन गेल्या.

आता गोमंतकाकडे वळू. येथे बोलण्याचा प्रश्न केवळ शिक्षणाचा नव्हता, तर स्वातंत्र्याचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदू समाजाने स्वबळावर मराठी शिक्षणसंस्था उभारल्या. १९०८ मध्ये पणजीस मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरच्या मूठमूठ तांदळावर शाळा चालवण्याची कल्पना तिच्या नावातच आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना समान नागरिकत्वाची जाणीव झाली. दुसऱ्याच वर्षी फोंड्यास गोवा विद्या प्रसारक मंडळ स्थापन झाले.

हा उत्साह फार काळ मोकळा राहिला नाही. १९२६ मध्ये पोर्तुगालात लष्करी सत्ता आली. १९३० मध्ये वसाहतींचा कायदा झाला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात गोव्याच्या विधानमंडळात लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी त्या कायद्याला विरोध करून गोव्याच्या आत्मनिर्णयाचा हक्क स्पष्ट शब्दांत मांडला. सत्तेच्या समोर, सभेच्या नियमांत राहून केलेले ते बोलणे होते. त्यानंतर वृत्तपत्रांवर पूर्वतपासणीचे बंधन आवळले, सभेस परवानगी लागू लागली, आणि लग्नाच्या निमंत्रणपत्रिकाही तपासनिसाच्या हाताखालून जाऊ लागल्या. अशा काळात जाहीर वादसभा कोठून होणार? देवळांतील कीर्तन आणि उत्सवी नाटके यांनी मराठी वाणी जिवंत ठेवली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण लिहिलेले संवाद म्हणता येणे आणि स्वतःचे मत बोलता येणे यांत अंतर असते.

म्हणूनच १८ जून १९४६ हा दिवस गोमंतकाच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी त्या दिवशी मडगावात बंदी मोडून सभेला संबोधण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. त्या दिवशीची मागणी साधी होती. परवानगीची भीक न मागता माणसाला सभा भरवता यावी आणि बोलता यावे. त्यानंतर अनेकांनी चौकांत उभे राहून चार वाक्ये उच्चारण्यासाठी तुरुंगवास पत्करला. आज शाळेतला मुलगा व्यासपीठावर निर्धास्त उभा राहतो, त्यामागे १९६१ पर्यंतचा हा हिशेब आहे.

मुक्तीनंतर सहाच वर्षांत या समाजाची मोठी परीक्षा झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की वेगळे राहावयाचे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. या पत्रिकेच्या दोन्ही भाषांच्या वाचकांच्या घरांत दोन्ही बाजूंची माणसे होती व आहेत. त्या कौलाचा निवाडा पुन्हा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हास एवढेच सांगावयाचे आहे की इतका जिव्हाळ्याचा प्रश्न सभा, लेख, गाणी आणि शेवटी मतपत्रिका यांनी सुटला. एकाच देवाच्या पालखीला दोन्ही मतांचे खांदे पुढेही लागत राहिले. प्रतिपक्ष म्हणजे शत्रू नव्हे, हे वादसभेचे पहिले सूत्र तेथे उपयोगी पडले.

एवढा मागोवा घेतल्यावर आरंभीच्या त्या मुलीकडे परत येऊ. आजची स्पर्धा पाहिली तर ती वादाकडून जल्पाकडे झुकलेली दिसते. विषय आधी कळतो, बाजू आधी ठरते, भाषण घरी तयार होते, आणि ढाल कोणाच्या शाळेत जाते याकडे सर्वांचे डोळे लागतात. भाषण लिहून देणारे घरोघरी आहेतच. आता तर यंत्रही क्षणात लिहून देते. अशा वेळी पाठांतराला गुण देणे म्हणजे मुलाची नव्हे, लिहून देणाऱ्याची परीक्षा घेणे होय.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. विषय महिनाभर आधी द्यावा, पण कोणती बाजू मांडावयाची ते बोलण्यापूर्वी अर्धा तास चिठ्ठी टाकून ठरवावे. मग प्रत्येकाला दोन्ही बाजूंचा अभ्यास करावाच लागेल. वक्त्याने प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे, आणि 'होय, हेच माझे म्हणणे' असे प्रतिपक्षाने मान्य केल्यावरच त्याला उत्तराची परवानगी असावी. श्रोत्यांतून दोन प्रश्न घ्यावेत. आणि ज्याला समोरचा मुद्दा पटला आणि तसे ज्याने मोकळेपणाने सांगितले, त्याच्यासाठी थोडे गुण राखून ठेवावेत. गार्गीला आपण आदराने आठवतो, तर तिच्या त्या गुणाला आपल्या गुणपत्रिकेत जागा नसावी हे शोभत नाही. विषयही गावातले निवडावे. गावच्या तळीची सफाई, वाचनालयाची वेळ, उत्सवातील खर्च अशा प्रश्नांवर मुले बोलली, तर १८४९ च्या त्या निबंधाप्रमाणे एखादे बोलणे कृतीपर्यंत पोहोचेलही.

देवस्थानांच्या समित्यांवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. पुढील उत्सवाची कार्यक्रमपत्रिका छापावयास जाईल, तेव्हा वक्तृत्वस्पर्धेच्या ओळीखाली अशा एका वादसभेची ओळ घालावी. सभामंडप तोच, समई तीच, मुलेही तीच. त्या सभेत एखाद्या मुलीला आम्ही तोच जुना प्रश्न विचारू, आणि तिने दिलेले उत्तर ऐकून तिचा प्रतिपक्षी मान डोलावेल, तर ढाल कोणत्या शाळेत गेली याची चौकशी आम्ही करणार नाही.